टीव्ही ही नुसती पायरी?

काही जण म्हणतात की टीव्हीवरची कार्टून म्हणजे सिनेमात जायची नुसती पायरी. मग कार्टून बनवणाऱ्या गेंडी टार्टाकोव्स्कीचं काय करायचं? जन्म मॉस्कोचा, सात वर्षांचा असताना अमेरिकेत आला, कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कलासंस्थेत शिकला. तिथे विद्यार्थी असताना केलेल्या छोट्या फिल्ममधूनच पुढे १९९६ला 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' ही टीव्ही मालिका उभी राहिली. (शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून बघणाऱ्यांत मीही होतो.)

खरी करामत मात्र २००१च्या 'सामुराई जॅक' या त्याच्या मालिकेची. पात्रांना काळी बाह्यरेषाच नाही, नुसते रंगाचे सपाट आकार. मिनिटंच्या मिनिटं कुणी बोलत नाही. वारा, पावलं, तलवार उपसल्याचा आवाज, बस. कार्टून म्हणजे बडबड असं समजणाऱ्यांनी एकदा बघाच.

२०१२ला 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' करून साहेब सिनेमात गेले, गल्लाही जमला. तरी २०१७ला जॅकची अर्धवट राहिलेली गोष्ट पुरी करायला परत टीव्हीवर हजर! २०१९च्या 'प्रायमल'मध्ये तर एक गुहामानव आणि एक डायनासोर, पहिल्या सीझनमध्ये संवाद जवळपास नाहीतच. मला विचाराल तर सिनेमे हेच त्याचा जोडधंदा.