बी.एस्सी.ची रिंग थिअरी आणि सातवीतले ऋण गुणिले ऋण

शेषसिद्धांत (प्रश्न)

नमस्कार. मी एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना बीजगणित आणि विश्लेषण शिकवतो. आमच्याकडून गणित घेऊन पदवीधर होणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे बी.एड. करून शाळेत रुजू होतात आणि माझा प्रश्न त्यांच्याविषयीच आहे. टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) तोंडी परीक्षेत एका विद्यार्थिनीने कोणत्याही रिंगमध्ये (म्हणजे पूर्णांकांसारखी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येणाऱ्या व वितरणाचा नियम पाळणाऱ्या संचात) (−अ)(−ब) = अब असते, हे न अडखळता सिद्ध करून दाखवले. मग मी विचारले, की सातवीच्या मुलाने ‘(−३) × (−५) हे १५च का?’ असे विचारले तर काय सांगशील? ती म्हणाली, ‘सर, तो नियमच आहे.’ त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच नुकत्याच लिहिलेल्या सिद्धतेत होते, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असे तिला वाटलेच नव्हते.

जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ साली याच दुखण्यावर बोट ठेवले होते. विद्यापीठात आल्यावर शाळेचे गणित मागे पडते आणि शिक्षक होऊन शाळेत परतल्यावर विद्यापीठाचे, अशी ही दुहेरी तुटातूट आहे. अभ्यासक्रम पातळ न करता हा सांधा कसा जोडावा? शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी वेगळा पेपर असावा, की आहे त्याच पेपरांत काही करता येईल?

पाठटाचण

सर, मी बी.एड.ला गणित अध्यापनपद्धती शिकवते, म्हणजे तुमचे विद्यार्थी पुढे माझ्याच वर्गात येतात. त्यांच्या सराव पाठांच्या टाचणांत उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, फलकलेखन हे सगळे सुवाच्य अक्षरात भरलेले असते. मुलगा नेमका कुठे अडेल, याचा मात्र आमच्या नमुन्यात रकानाच नाही.

मध्यंतरी नववीच्या वर्गातला एक पाठ पाहत होते. ०.९९९… = १ हे छात्राध्यापकाने सांगितले, तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, ‘ते एकाच्या जवळ जातं, पण एक होत नाही.’ छात्राध्यापकाने १/३ = ०.३३३… लिहून दोन्ही बाजूंना ३ने गुणले. त्यावर मुलगा म्हणाला, ‘मग ०.३३३… सुद्धा १/३ होत नसणार.’ हा आक्षेप अगदी सयुक्तिक होता आणि त्यापुढे छात्राध्यापक गप्प झाला. वास्तविक ०.९, ०.९९, ०.९९९ या यादीतल्या प्रत्येक संख्येबद्दल मुलाचे म्हणणे खरे आहे, कारण त्यांतली एकही १ नाही, परंतु ०.९९९… हे त्या यादीतले कोणतेही पद नसून तिची सीमा आहे. तुला हवा तेवढा लहान फरक सांग, एका ठरावीक पदापासून पुढची सगळी पदे १च्या त्याहूनही जवळ असतात, एवढे म्हटले असते तरी नववीतल्या मुलाला ते पटण्याजोगे होते. हेच सांगणारी सीमेची एप्सिलॉनची व्याख्या त्या छात्राध्यापकाने परीक्षेत नक्कीच लिहिली असेल. ती अशा प्रसंगी कामाला येते, हे त्याला कुणी दाखवले नव्हते.

२०१५पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेत घालवायचा काळ वाढला, तरी विषयज्ञान पदवीलाच पक्के झाले आहे, असे आम्ही धरून चालतो, आणि शिकवायचे कसे ते बी.एड.ला कळेल, असे तुम्ही धरून चालता. वेगळ्या पेपरला माझा विरोध आहे. तो गुण मिळवून देणारा सोपा पेपर म्हणूनच ओळखला जाईल.

पावणेदोन

मॅडमच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. पदवीचे गणित नीट जोडले की सारे सुरळीत होईल, असे मला वाटत नाही. गणितशिक्षणाच्या संशोधक लिपिंग मा यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवायला आणि त्यासाठी एखादा प्रसंग रचायला सांगितले होते. चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण कमी होते, तरीही सगळ्यांचे उत्तर बरोबर आले आणि बहुतेकांना योग्य प्रसंगही रचता आला. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक शिक्षकांना बरोबर उत्तरही काढता आले नाही, आणि प्रसंग रचताना अर्ध्याने भागणे म्हणजे दोघांत वाटणे, असा घोटाळा अनेकांनी केला.

आमच्या शिक्षक प्रशिक्षणातही मी हेच विचारतो. ‘पावणेदोन लिटर दूध दोघांत वाटले’ हे उत्तर हटकून येते, पण तो झाला दोनने भागाकार. पावणेदोन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या भरतील, असे विचारले की साडेतीन हे उत्तर आपोआप निघते. असे प्रसंग सुचायला शाळेच्याच गणितात खोलवर उतरावे लागते, आणि ते काम एकट्या रिंग थिअरीने होणार नाही.

अंतर्गतगुण

हे सगळे मान्य, पण प्रश्नपत्रिकेत गुण नसतील तर विद्यार्थी गाईडमधली सिद्धताच पाठ करणार. अभ्यास मंडळाची वाट पाहत बसू नका, सर. अंतर्गत मूल्यमापनाचे प्रश्न तुमच्याच हातात आहेत.

शेषसिद्धांत

सर्वांचे आभार. वेगळ्या पेपरचा विचार मी सोडून दिला आहे. पावणेदोन यांचा आक्षेप रास्त आहे, पण पदवीच्या तासिकांत माझ्या हाती रिंग थिअरीच आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. येत्या चाचणीसाठी असा प्रश्न काढला आहे: ‘सातवीतील एक मुलगी लिहिते, (−३) × ५ = −१५, म्हणून (−३) × (−५) हेही −१५. तिचे उत्तर खरे मानल्यास (−३) × (५ + (−५)) याची किंमत काय येईल? त्यामुळे रिंगचा कोणता नियम मोडतो? हे तिला रिंग हा शब्द न वापरता समजावून सांगा.’ वितरणाने (कंसातील प्रत्येक संख्येला −३ने वेगळे गुणून बेरीज केली तर) −३० येते आणि कंसातील बेरीज आधी केली तर ०, एवढे बहुतेकांना जमेल. खरी कसोटी तिसऱ्या भागात आहे आणि निम्मे गुण मी त्यालाच ठेवले आहेत.

मॅडम, तुमच्या सराव पाठांच्या वेळी टी.वाय.च्या काही विद्यार्थ्यांना मागच्या बाकावर बसून मुलांचे प्रश्न टिपून घेता येतील का? शाळांची हरकत नसेल, तर पुढच्या सत्रापासून पाठवीन म्हणतो.