सहा आठवडे उभी राहिलेली लेक्सस आरएक्स ४५०एच आणि हायब्रीड बॅटरी बदलण्याचा सल्ला

प्रेषक: एडिसनचे एक सभासद

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

गेल्या वर्षी आम्ही एका निवृत्त दांपत्याकडून २०१३ सालची लेक्सस आरएक्स ४५०एच ही पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटरी अशा दोन्हींवर चालणारी हायब्रीड गाडी विकत घेतली. तेव्हा गाडी १,१२,००० मैल चाललेली होती आणि सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या त्यांनी तारखेनुसार फायलीत लावून दिल्या होत्या. वर्षभर गाडीने कसलाही त्रास दिला नाही. जूनमध्ये शाळांना सुट्टी लागताच आम्ही पुण्याला गेलो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परतलो. सहा आठवडे गाडी घरासमोर उन्हात उभी होती.

परत आलो तेव्हा किल्लीने दारही उघडेना. किल्लीच्या आत धातूची एक छोटी किल्ली असते, हे त्या दिवशी पुस्तिका वाचून कळले. तिने दार उघडले, शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून जम्प स्टार्ट केले आणि गाडी चालू झाली. तीन दिवसांनी मात्र आम्ही सहकुटुंब समुद्रकिनाऱ्याला निघालो असताना गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर ‘चेक हायब्रीड सिस्टिम’ अशी सूचना झळकली. बाहेर ९५ अंश फॅरनहाइट तापमान होते आणि गाडी सामानाने भरलेली होती. त्याआधी बराच वेळ मागच्या सीटखालून घोंघावल्यासारखा आवाज येत असल्याचे मुलगी सांगत होती; मी तिकडे लक्ष दिले नाही, याची आता खंत वाटते.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. हायब्रीड बॅटरी पूर्ण बदलावी लागेल असे त्यांनी अर्ध्या तासातच सांगितले आणि जो आकडा लिहून दिला तो आम्ही गाडीसाठी मोजलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. कारखान्याची आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची हायब्रीड वॉरंटी केव्हाच संपलेली आहे. एवढा खर्च करावा, की गाडी मिळेल त्या किमतीला काढून टाकावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. गणपतीची मूर्ती आणि मखराचे सामान आणण्याची जबाबदारी यंदा आमच्याकडे आहे, त्यामुळे निर्णय लवकर घ्यायचा आहे.

आपला नम्र,
एडिसनचा सभासद

———

प्रेषक: पार्सिपनीचे काका

चि. एडिसनकर यांस अनेक आशीर्वाद,

पत्र दोनदा वाचले. माझी नोकरीची तीस वर्षे पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेली आणि घरात दोन हायब्रीड गाड्या वापरून झाल्या, त्या आधारावर लिहितो. आज कोणताही चेक लिहू नका. तुमच्या पत्रात गाडीची लक्षणे आहेत, गॅरेजचा निष्कर्ष आहे, पण गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड कुठेच नाही. आणि कोड पाहिल्याशिवाय हायब्रीड बॅटरीचा निकाल लावणे हे नाडी न बघता शस्त्रक्रिया ठरवण्यासारखे आहे.

या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांची कामे अगदी वेगळी आहेत, हे आधी समजून घ्या. मोठी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची, २४० सेलची, २८८ व्होल्टची असून ती मागच्या सीटखाली बसवलेली आहे. गाडी चालवणाऱ्या मोटरींना लागणारी वीज तिच्यातून येते आणि इन्व्हर्टर (मोटरींना हवी तशी वीज पुरवणारी यंत्रणा) ती गरजेप्रमाणे ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. छोटी बॅटरी साध्या गाडीत असते तशीच १२ व्होल्टची. पण साध्या गाडीत ती स्टार्टर फिरवते, तसे काम तिला इथे नाही, कारण या गाडीला वेगळा स्टार्टरच नाही आणि अल्टरनेटरही नाही. इथे तिचे काम संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढून धरणे एवढेच. म्हणून मोठी बॅटरी ठणठणीत असूनही छोटी उतरली की गाडी पूर्णपणे निपचित पडते आणि मालकाला वाटते, सगळेच संपले.

सहा आठवड्यांत तुमची छोटी बॅटरी उतरली यात आश्चर्य नाही. गाडी बंद असली तरी किल्लीचा संदेश ऐकणारा रिसीव्हर, अलार्म आणि संगणकाची स्मृती तिच्यातून थोडी थोडी वीज घेतच असतात. असे तळापर्यंत उतरणे तिला फार बाधते. जम्प देऊन गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी बरी झाली असे नव्हे. व्होल्टेज पडले की गाडीतले संगणक एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि ज्या भागात दोष नाही त्याच्याही नावाने कोड नोंदवले जातात. तेव्हा पहिली तपासणी ही: रात्रभर उभी राहिलेल्या गाडीच्या छोट्या बॅटरीवर सकाळी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. मग ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालू करा आणि ‘रेडी’ हा दिवा लागल्यावर पुन्हा मोजा. आकडा चौदाच्या आसपास चढला पाहिजे. तो चढला तर मोठ्या बॅटरीकडून छोटीला वीज पुरवणारा कन्व्हर्टर काम करत आहे. ‘रेडी’ दिवा न लावता नुसता रेडिओ लावून बसलात तर छोटी बॅटरी भरत नाही, उलट उतरते.

दुसरी गोष्ट, मुलीने ऐकलेला आवाज. तिचे कान खरे आहेत. मोठी बॅटरी थंड ठेवण्यासाठी पंखे असतात आणि ते केबिनमधली हवा सीटखालच्या जाळीतून ओढतात. त्या जाळ्यांसमोर पिशव्या, चादरी, चपला आल्या किंवा आत केस आणि धूळ साचली, की हवा पोचत नाही, बॅटरी तापते आणि पंखे जोरात फिरू लागतात. ९५ अंशांच्या दुपारी, भरलेल्या गाडीत, सहा आठवडे उन्हात तापलेल्या केबिनमध्ये हे घडणे अगदी स्वाभाविक आहे. तुमच्या आधीच्या मालकांकडे कुत्रे होते का, हे आठवून कळवा. प्रश्न विचित्र वाटेल, पण महत्त्वाचा आहे.

आता कोडविषयी. हायब्रीडचे कोड वाचू शकणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे अशा मेकॅनिककडे जा आणि नोंदवलेले सगळे कोड कागदावर छापून मागा. पी०ए८० हा कोड असेल तर बॅटरीतल्या सेलचे काही गट इतरांच्या तुलनेत ढासळले आहेत आणि गॅरेजचे म्हणणे बहुधा बरोबर आहे. पी०ए८२ असेल तर तक्रार बॅटरीच्या पंख्याविषयी आहे. पी०ए९३ असेल तर इन्व्हर्टर थंड ठेवणाऱ्या यंत्रणेकडे बघावे लागेल. तिचा पंप आणि कूलंट (थंड ठेवणारा द्रव) इंजिनाहून वेगळे असतात आणि त्या कूलंटची टाकी बऱ्याच मेकॅनिकांकडून बघायचीच राहून जाते. तिन्हींत डॅशबोर्डवर दिसणारी सूचना तीच असते, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एक कळकळीची विनंती. जाळीच्या बाहेरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, त्यापुढे स्वतः काही उघडू नका. नारिंगी रंगाच्या केबल जिथे दिसतील तिथे जिवाला धोका आहे. प्रशिक्षित माणूससुद्धा रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढतो आणि आतले कपॅसिटर रिकामे होण्यासाठी दहा मिनिटे थांबतो, तेव्हाच हात घालतो.

शुभेच्छांसह,
पार्सिपनीचा काका

———

प्रेषक: प्लेन्सबरोची ताई

नमस्कार,

काकांनी तपासणीचा क्रम अचूक सांगितला आहे, मी केवळ जुनी हायब्रीड वापरण्याविषयी थोडे लिहिते. आमच्याकडे याच गाडीची आधीची पिढी, २००६ सालची आरएक्स ४००एच, आजही रोज चालते. ती आम्ही तिसरे मालक म्हणून घेतली. घेण्याआधी गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला होता, कारण २००६ आणि २००७ सालच्या या गाड्यांसाठी इन्व्हर्टरमधल्या ट्रान्झिस्टरच्या सोल्डरिंगवरून २०११ मध्ये रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) निघाला होता. आमच्या गाडीचे ते काम आधीच झालेले होते. रिकॉलचे काम डीलरकडे विनामूल्य होते आणि मालक बदलला म्हणून तो हक्क जात नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ही पाच मिनिटे अवश्य द्यावीत.

ब्रेकविषयीही सांगते. या गाड्या वेग कमी करताना मोटरीचाच जनरेटर करून वीज साठवतात, त्यामुळे ब्रेक पॅड फार कमी झिजतात आणि लोक आनंदाने ते विसरून जातात. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडते. पॅड दाबणाऱ्या, कमी वापरात असलेल्या कॅलिपरच्या पिना त्या मिठाने जाम होतात आणि पॅड एकाच बाजूने झिजतात. दरवर्षी एप्रिलमध्ये चाके काढून त्या पिना साफ करून वंगण लावून घेण्याची सवय आम्ही ठेवली आहे, आणि एवढ्या जुन्या गाडीवर केलेला हा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च आहे असे मी मनापासून म्हणेन.

बॅटरी खरोखरच बदलायची वेळ आली, तर फक्त खराब मॉड्यूल (बॅटरीतले सेलचे संच) काढून जुन्याच पॅकमध्ये दुसरी जुनी मॉड्यूल बसवून देणारे स्वस्तात भेटतील. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तसे केले आणि वर्षाच्या आत दुसरे मॉड्यूल गेले. बाकीची मॉड्यूलही तेवढीच म्हातारी असतात, हे त्याचे साधे कारण आहे. गाडी आणखी तीन-चार वर्षे ठेवायची असेल तर पूर्ण नवा पॅक घ्यावा, नसेल तर गाडी विकावी. मधल्या मार्गाने पैसे दोनदा जातात.

आपली,
प्लेन्सबरोची ताई

———

प्रेषक: एडिसनचे एक सभासद

आदरणीय काका आणि ताई, आणि व्यक्तिशः फोन करून विचारपूस करणारे सर्व सभासद,

आपण सांगितल्या क्रमाने तपासणी केली, तिचा वृत्तांत देतो. सकाळी छोट्या बॅटरीवर ११.७ व्होल्ट दिसले. ‘रेडी’ लागल्यावर आकडा १४.१ वर गेला, म्हणजे कन्व्हर्टर ठीक होता. बॅटरीवरच्या शिक्क्यानुसार ती सात वर्षांची होती. पावत्यांच्या फायलीत तिच्या खरेदीची पावतीही सापडली, जी मी वर्षभर कधी उलटून पाहिली नव्हती.

मग हायब्रीडचेच काम करणाऱ्या दुसऱ्या एका मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने छापून दिलेल्या कागदावर दोन कोड होते: व्होल्टेज पडल्याचा पी०५६० आणि पंख्याचा पी०ए८२. पी०ए८० नव्हता. त्याने सर्व्हिस प्लग काढून, वेळ देऊन, मागची सीट उचलली आणि मला लांबून दाखवले. काका, आधीच्या मालकांकडे दोन गोल्डन रिट्रीव्हर होते. एका पंख्याच्या पात्यांवर केसांचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता आणि तो पंखा हाताने फिरवतानाही अडखळत होता. जाळीच्या एका बाजूला आमच्याच मुलाचा हरवलेला मोजा अडकलेला मिळाला. पंखे काढून साफ केले, अडखळणारा बदलला, हवेचे मार्ग मोकळे केले आणि नवी छोटी बॅटरी बसवली. सगळा खर्च पहिल्या गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आला.

त्यानंतर आठ दिवसांत गाडी चारशे मैल चालली आहे, ती सूचना पुन्हा झळकलेली नाही. मेकॅनिकने गाडी चढावर चालवून बॅटरीच्या गटांचे व्होल्टेजही पाहिले. भार पडल्यावर एक गट इतरांपेक्षा किंचित खाली जातो, पण अजून चिंता करण्याइतका नाही, असे त्याचे मत आहे. म्हणजे बॅटरी नवी नाही हे खरे, पण मेलेलीही नाही. डिसेंबरमध्ये आईकडे पुन्हा तीन आठवडे जायचे आहे. त्या काळात गाडीचे काय करावे, एवढे सांगावे.

आपला ऋणी,
एडिसनचा सभासद

———

प्रेषक: पार्सिपनीचे काका

चि. एडिसनकर,

वाचून फार समाधान वाटले. मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

तीन आठवड्यांसाठी गाडी घरच्या गॅरेजमध्ये ठेवून छोट्या बॅटरीला बारीक प्रवाहाचा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) जोडून ठेवा. गॅरेज नसेल तर छोट्या बॅटरीची ऋण तार सोडून जा, आणि परत आल्यावर दार उघडायला ती धातूची किल्ली हाताशी असू द्या. मित्राला किल्ली देऊन जात असाल तर त्याला आठवड्यातून एकदा ‘रेडी’ लावून अर्धा तास गाडी चालवायला सांगा. दोन गोष्टी त्याला बजावा: या गाडीवरून दुसऱ्या कोणाची गाडी जम्प करायची नाही, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर चारही चाके वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरच न्यायची. तुमची गाडी चारही चाकांना शक्ती देणारी असेल तर तिची मागची चाकेही स्वतंत्र मोटरीला जोडलेली असतात. चाके जमिनीवर फिरत राहिली की मोटरी वीज निर्माण करू लागतात आणि नुकसान होते.

त्या थोड्या खचलेल्या गटाची नोंद कागदावर तारखेसह ठेवा आणि एप्रिलमध्ये ताईंनी सांगितलेले ब्रेकचे काम करताना पुन्हा मोजून घ्या. फरक वाढत गेला तर नव्या पॅकसाठी पैसे बाजूला टाकायला तेव्हापासून सुरुवात करता येईल.

रविवारी मूर्ती आणायला निघाल तेव्हा मखराचे सामान मागच्या सीटच्या पायथ्याशी रचू नका, डिक्कीत ठेवा. मी सकाळी दहा वाजता शाळेच्या पार्किंगमध्ये माझा स्कॅनर घेऊन येईन. आणखी कोणाच्या हायब्रीडचे कोड वाचायचे असतील तर त्यांनी शनिवारपर्यंत मला कळवावे.

पार्सिपनीचा काका