मृग लागायच्या आत खुराडं सगळीकडून ताडपत्रीनं बंद करावं का?

खानापूरची सून:

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. मागच्या परड्यात सोळा कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. निम्म्याहून जास्त गिरिराज जातीच्या, बाकीच्या गावठी. खुराड्याला चिऱ्याचं जोतं, वर मंगळुरी कौलं. पूर्व आणि पश्चिम बाजूला जाळी, उरलेल्या दोन बाजूंना भिंत. जाळी बाजारात सगळीकडं मिळते ती षटकोनी भोकांची, पातळ तारेची. खाली भाताचं तूस पसरलंय.

आता मृग तोंडावर आलाय. आमच्याकडं पाऊस सुरू झाला की थांबत नाही, आणि पश्चिमेकडून झड थेट आत येते. सासूबाई म्हणूलेत, चारी बाजूंनी ताडपत्री बांधून टाका, कोंबड्या गारठतील. घरचे म्हणूलेत, वारा कोंडला तर मरतील. दोघांचंही मला पटतं, म्हणून अडकलेय.

दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात एक गिरिराज कोंबडी सकाळी जाळीजवळ मेलेली मिळाली. धड आत, मुंडकंच नाही. दाराची कडी तशीच लावलेली होती. अंडीही अधूनमधून कमी भरतात, टरफलं कुठं दिसत नाहीत.

आणि साफसफाईला काय वापरावं? दुकानदार फिनाईल मारा म्हणतो. अंडी गोळा करायला माझी पाच वर्षांची मुलगी जाते, त्यामुळं औषध मारायला भीती वाटते.

मलप्रभाकाठ:

ताई, मी कणकुंबीच्या बाजूची. आमच्याकडं तुमच्याहून जास्त पाऊस. लग्न होऊन आले तेव्हापासून कोंबड्या पाळतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ताडपत्रीचं. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण कोंबडी गारठ्यानं सहसा मरत नाही. तिच्या अंगात आपल्यापेक्षा जास्त ऊब असते, ४१ अंशांच्या वर, आणि वर पिसांचं पांघरूण. तिला मारते ती ओल. कोंबडीच्या विष्ठेत बहुतेक पाणीच असतं, श्वासातूनही वाफ येते. अठरा जीव रात्रभर बंद जागेत बसले की तूस खालून भिजत जातं, आणि ओल्या तुसातून उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो. तो अमोनिया. त्यानं आधी डोळ्यांतून पाणी येतं, मग नाक वाहतं, मग घरघर सुरू होते. लोक म्हणतात पावसानं सर्दी झाली. बऱ्याच वेळा ती सर्दी आपण बांधलेल्या ताडपत्रीनं झालेली असते.

म्हणून पश्चिमेची बाजू झाका, पण पूर्ण नाही. खालून वर बांधत या आणि वळचणीखाली हातभर जागा उघडी ठेवा. गरम दमट हवा वर चढते, ती तिथूनच बाहेर पडते. ताडपत्री जाळीला चिकटवून बांधू नका, खालचं टोक बाहेर ओढून पडवीसारखी उतरती बांधा, म्हणजे झड बाहेरच अडेल आणि हवा खेळत राहील. जमलं तर पश्चिमेला छपरच दोन-अडीच फूट पुढं काढा, एकदा खर्च होतो आणि दरवर्षीची बांधाबांध वाचते. पूर्वेची जाळी पावसाळाभर उघडी असू दे. सासूबाईंना सांगा, कोंबड्या बसतात त्या उंचीवर वारा थेट अंगावर येणार नाही एवढं आडोसं करतोय. त्या ऐकतील, कारण त्यांना हवी ती ऊब त्यात आहे.

वास तपासायचा तर उभं राहून तपासू नका. सकाळी दार उघडल्याबरोबर उकिडवं बसा आणि कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. तिथं डोळे चुरचुरले तर तूस बदलायला झालं. मूठभर तूस दाबूनही कळतं. मूठ उघडल्यावर मोकळं झालं तर ठीक, लाडू तसाच राहिला तर ओल धरलीय.

तूस तीन-चार इंच जाड पसरा आणि एक-दोन दिवसाआड दाताळ्यानं खालवर करा. भांड्याखालचं तूस सगळ्यात आधी भिजतं, तेवढंच रोज काढून टाका. पाण्याचं भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं तर अर्धी ओल कमी होते. तुसात मिसळायचा चुना विरलेला, कोरडा असावा. कळीचा चुना चुकूनही नको, ओल लागली की तो तापतो आणि पाय भाजतात. पावसाळ्याचं तूस आत्ताच गिरणीतून आणून पोत्यांत भरून माळ्यावर टाका. जुलैत कोरडं तूस कुणाकडं मिळत नाही.

फिनाईल नको. त्याची वाफ बंद जागेत कोंबड्यांना सोसत नाही. अजून ऊन आहे तोवर एक दिवस कोंबड्या बाहेर ठेवा, सगळं तूस काढा, बसायच्या दांड्या आणि अंड्यांच्या पेट्या बाहेर आणा. खरवडून साबणाच्या पाण्यानं धुवा आणि कडक उन्हात वाळू द्या. मग भिंतींना चुन्याचा हात मारा, फटी तर आवर्जून भरा. मृगानंतर धुतलेलं वाळत नाही, म्हणून हे काम पुढं ढकलू नका.

आता मुंडक्याचं. धड आत आणि मुंडकं गेलं म्हणजे जनावर आत आलंच नाही. कोंबडी जाळीला टेकून झोपली होती, त्यानं बाहेरून धरून ओढलं. आपल्याकडं हे काम बहुतेक उदमांजर, ज्याला आम्ही कांडेचोर म्हणतो, नाहीतर रानमांजर करतं. तुमच्या बाजूला रान जवळ, भीमगडचं अभयारण्यही लांब नाही, त्यामुळं जनावर येणारच. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, पण शिकाऱ्याला अडवत नाही. कुत्रासुद्धा ती दातांनी फाडतो. खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा. ती जमिनीपाशी थांबवू नका, बाहेरच्या बाजूला फूटभर वळवून मातीखाली घाला आणि वर दगड ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या कडेला उकरतं, तिथं त्याला जाळी लागते.

बसायच्या दांड्या जाळीपासून दीड फूट आत घ्या. कौलं आणि भिंतीमधली फट बघा. कांडेचोर छपरावरून चालतो आणि सैल कौल सरकवतो, त्यामुळं कौलांखालूनही जाळी हवी. दाराला एक कडी पुरत नाही, खाली दुसरी लावा.

अंडं टरफलासकट गायब म्हणजे धामण असू शकते, मुंगूसही असू शकतो. टरफलं आणि बलकाचे डाग तिथंच दिसले असते तर कोंबड्याच खातात म्हटलं असतं. तसं कधी दिसलं तर शिंपल्यांचा चुरा खाद्याशेजारी वेगळा ठेवा. मासेवाल्याकडून तिसऱ्यांची शिंपलं आणून भाजून कुटली की झालं. तुमच्याकडं आधी अंडी दुपारच्या आत उचला आणि रात्री खाद्य आत ठेवू नका. खाद्याला उंदीर येतात, उंदरांमागं धामण येते. तिला मारायचं नाही. धामण काय, मुंगूस काय, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मारणं गुन्हाच आहे, आणि धामण गेली तर उंदीर दुप्पट होतात.

मुलीला जाऊ द्या की. फक्त खुराड्याची चप्पल वेगळी ठेवा आणि बाहेर आल्यावर साबणानं हात धुवायची सवय लावा. कोंबडीला तोंडाजवळ धरू देऊ नका.

निपाणीचा शेतकरी:

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. पावसाळ्यात कोंबड्या रात्री आत जायला नको म्हणत असतील, दांड्यावर अस्वस्थ असतील, तर रात्री बॅटरी घेऊन दांड्याच्या खालच्या फटी बघा. तांबडे बारीक किडे दिवसा फटीत बसतात आणि रात्री रक्त पितात. आमच्याकडं जुनी माणसं अंडी घालायच्या टोपलीत तंबाखूच्या काड्या टाकायची, उवा-पिसवा येत नाहीत म्हणून.

मलप्रभाकाठ:

दादा, फटीचं चांगलं सांगितलंत. तंबाखूचं मात्र मी कुणाला सांगणार नाही. निकोटीन कोंबडीलाही विषच आहे आणि किती काड्या म्हणजे किती विष हे आपल्याला मोजता येत नाही. काड्या उकळून फवारायचं तर अजिबात नको. खुडूक कोंबडी त्याच टोपलीत एकवीस दिवस बसून असते, पिल्लं तिथंच फुटतात. त्यापेक्षा आडोशाला कोरड्या जागी एका जुन्या टायरात चुलीची चाळलेली राख आणि वाळू भरून ठेवा. पावसाळ्यात बाहेरची माती चिखल होते आणि त्यांना लोळायला जागाच उरत नाही, उवा तेव्हा वाढतात.

वडगावकर:

मी बेळगावात, वडगावला, गच्चीवर आठ कोंबड्या. मला विचारायचंय ते लसीचं, कारण कुणीच काढलं नाही. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस दिलीय का ताई? मान वाकडी होणं, हिरवट हगवण, धाप, आणि दोन-चार दिवसांत परडं रिकामं. एकदा आली की औषध नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, मग चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर टोचून. कोंबड्यांच्या देवीची लसही विचारून घ्या, देवी डासांमुळं पसरते आणि पावसाळ्यात डास असतातच.

अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा जास्त डोस असतात आणि विरघळवली की ती दोन-तीन तासांत संपवावी लागते. आम्ही आमच्या गल्लीतल्या चार घरांच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी धरतो. बर्फात घालून आणायची, उन्हातून पिशवीत टाकून नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी केली तर तारीख सांगतात.

खानापूरची सून:

सगळ्यांचे आभार. घरच्यांनी आजच अर्ध्या इंचाच्या जाळीचं माप घेतलं. सासूबाईंना वळचणीखालची हातभर जागा दाखवली, त्या म्हणाल्या एवढं ठेवा, पण खालच्या बाजूनं माझ्या हातानं बांधणार.

लस गिरिराजला लहानपणी दिलेली होती, गावठींना नाही. शेजारच्या दोन घरांत विचारलंय, आक्का तयार आहेत. अजून एक: बाजारातून एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी आणायचं चाललंय, गेलेल्या कोंबडीच्या जागी. आणि काढलेलं जुनं तूस थेट मिरचीच्या वाफ्यात टाकलं तर चालेल का?

मलप्रभाकाठ:

तलंग आणल्यावर लगेच बाकीच्यांत सोडू नका. दोन-तीन आठवडे डालग्याखाली, परड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आधी जुन्यांना खाद्य-पाणी करायचं, मग तिला. बाजारात दहा गावांच्या कोंबड्या एका जाळीत असतात. तिची विष्ठा, डोळे आणि तुऱ्याचा रंग बघत राहा. तोवर लसीचाही दिवस येईल, तिला त्याच दिवशी घ्या.

आणि या दिवसांत एखादी अचानक मेली तर नाल्यात टाकायची नाही, कुत्र्यांना द्यायची नाही. खोल खड्डा, वर चुना, मग माती. एका मागोमाग दोन-तीन गेल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या, म्हणून कळवायला लाजू नये.

ताजं तूस मिरचीला नको, मुळं जळतात. शेणाच्या उकिरड्यात थर देऊन वर केळीचं पान नाहीतर पत्रा झाका, पाऊस सरळ पडला तर सगळा कस वाहून जातो. दिवाळीपर्यंत काळं, भुसभुशीत होईल, वास राहणार नाही. मग कांद्याच्या वाफ्याला घाला.