मदत हवी आहे: लघवीचा वास कपड्यांतून जात नाही

नमस्कार मंडळी. लिहायला संकोच वाटतोय, पण घरी हा विषय काढायची सोय नाही.

वय 57. दोन वर्षांपासून खोकला-शिंक आली की लघवी गळते. रोज कांदिवली ते चर्चगेट लोकल. पॅड असतं, तरी शेजारची बाई जरा सरकली की वाटतं, हिला वास आलाच. (त्या गर्दीत सरकायला जागा तरी कुठे असते म्हणा!)

आधी मी पाणीच तोडलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या: पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, वास उलट वाढतो. युरिन कल्चर केलं, इन्फेक्शन नाही. पेल्विक फ्लोअरचे (लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे) व्यायाम सुरू केलेत, पण गुण यायला काही महिने लागतात म्हणे.

खरा छळ पावसाळ्यातला. वन रूम किचन, कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत. धुतलेली सलवार घामाने ओली झाली की वास परत हजर. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्यावर थोडा फरक पडला. ब्लीच काढलं होतं, पण लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो हे कळल्यावर बाटली परत माळ्यावर.

कुणी एन्झाइमवाला क्लीनर (लघवीचा वास मुळातून मोडणारा) वापरलाय का? कापसाच्या गादीवर चालतो का? आणि ऑफिसात टॉयलेटमध्ये झाकणाचा डबा नाही, वापरलेलं पॅड घरी येईपर्यंत पर्समध्ये कसं ठेवता? सध्या वर्तमानपत्र आणि दोन पिशव्या, तरी धाकधूक असतेच.

अत्तर-परफ्यूम सुचवू नका, तो मिश्र वास जास्त भयंकर.