शब्दचर्चा : ‘पन्ह्यासाठी धन्यवाद’ की ‘पन्ह्याबद्दल’?

नौपाडा, ठाणे : मैत्रिणीच्या घरी उन्हाळाभर मिळणारी आपुलकी : आल्याआल्या माठातलं वाळ्याचं पाणी, पन्हं, उन्हं उतरेपर्यंत थांबवून घेणं. तिच्या आईला चार ओळी लिहिताना शब्द कोणता? आभार, धन्यवाद, ऋणी, उपकार?

वाशी : आधी ‘साठी’ काढा. ‘साठी’ पुढचा हेतू सांगतो : पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या. झालेल्या गोष्टीला ‘बद्दल’. क्रियापदंही ठरलेली आहेत : धन्यवाद देतात, आभार मानतात, ‘आभार दिले’ चूक. ‘आभारी’च्या आधीचा शब्द लिहिणाऱ्याप्रमाणे बदलतो. बाई लिहिते ‘मी तुमची आभारी आहे’, पुरुष लिहितो ‘तुमचा’. समोर काकू आहेत की काका, याच्याशी त्याचा संबंध नाही. घोटाळा तिथेच होतो. आणि ‘मनःपूर्वक’मधला विसर्ग गाळू नका.

पाचपाखाडी : शब्दाचं वजनही बघा. पेलाभर पन्ह्याला ‘उपकार’ म्हटलं की काकूच अवघडतील, शिवाय उपकारामागे ‘फेडणं’ येतं. ‘मिंधा’ तर नकोच, त्यात मान खाली गेल्याचा सल आहे. ‘ऋणी’ त्याहून मऊ. ऋणात राहायला आवडेल असं माणूस आनंदानं म्हणतो, मिंधेपणाबद्दल कोणी तसं म्हणत नाही. तरी तो शब्द निरोपसमारंभात शोभतो, घरच्या निरोपात नाही. ‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’च लिहा.

नेरूळ : जवळच्या माणसांचे आभार मानले की ‘आभार कसले, परकी आहेस का?’ हे ठरलेलं. म्हणून वस्तूचं नाव घ्यावं आणि तिनं काय बरं वाटलं ते सांगावं. त्यासाठी ‘तलखी’ हा फार नेमका शब्द आहे : उन्हानं होणारी जिवाची काहिली. ‘काकू, तुमच्या पन्ह्यानं जिवाची तलखी शमली. वाळ्याच्या पाण्याचा वास अजून आठवतो.’ धन्यवाद कुठे नाही, आणि काही राहिलंही नाही.

पाचपाखाडी : सोबत त्यांचा डबा परत जाणार असेल तर रिकामा नको, निदान चिमूटभर साखर घाला. पन्ह्याचा गर देणार असाल तर उकडलेल्या कैरीच्या 1 वाटी गराला साधारण 2 वाट्या गूळ, वेलची, किंचित मीठ. पाणी आधीच मिसळलं तर लवकर आंबतं. डबा स्टीलचा किंवा काचेचा हवा. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट कळकतं.

नौपाडा, ठाणे : आणि तिच्या आजोबांना?

वाशी : तिथे तेवढी सलगी नसेल, तर ‘मी तुमची आभारी आहे’ अगदी योग्य.