कापसावर फवारणी तारखेने करावी की मोजणीने?

गिरणाकाठ, पाचोरा:
परवा येथे एका बंधूंनी लिहिले की, कापसात पाने उलटून किडी मोजणे हे पगारदारांचे काम आहे. शेतकऱ्याने लागवडीपासून ३०, ६० आणि ९० व्या दिवशी ठरलेली फवारणी घ्यावी आणि निश्चिंत राहावे. अनेकांनी त्यास होकार दिला, म्हणून सविस्तर लिहितो. २०१७ साली मीही तारखेनेच फवारले होते. झाडे बोंडांनी लदलेली होती आणि बाहेरून एकाही बोंडाला छिद्र दिसत नव्हते. वडिलांनी विळ्याने एक हिरवे बोंड चिरले, तेव्हा सालीच्या आतल्या बाजूस बारीक फोड, सरकीत गुलाबी बोंडअळी आणि भोवती पिवळा पडलेला कापूस निघाला. वीस बोंडांपैकी नऊ तशीच होती. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरते, छिद्र बुजते आणि मग वरचे औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हापासून मी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग पडले, शंभर फुलांत दहा डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) दिसल्या किंवा वीस हिरव्या बोंडांत दोन किडकी निघाली, तरच पंप बाहेर काढतो.

बागायतदार, चोपडा:
ते लिखाण माझेच आहे. माझा चौदा एकर कापूस आहे, निंदणीलाच मजूर मिळत नाहीत, मग बोंडे चिरत कोणी बसायचे? आपले क्षेत्र किती, तेही सांगावे.

कोरडवाहू, पारोळा:
दादा, मोजणीचे नंतर पाहू. आपण मे महिन्यात ठिबकवर लागवड करता, म्हणून जून-जुलैत निघणाऱ्या पतंगांना आपल्या शेतात पाते (कळ्या) आणि फुले तयार मिळतात. एरवी ते अंडी घालायला जागा न मिळून मेले असते. तेथे वाढलेली पिढी आमच्या पावसावरच्या कापसात उतरते. काही वर्षे १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना बियाणे विकण्यास मनाई होती, ती याचसाठी. गेल्या हंगामात माझी शेवटची वेचणी सगळी कवडीच, म्हणजे किडका पिवळट कापूस, होती आणि व्यापाऱ्याने ती हातातही धरली नाही.

बागायतदार, चोपडा:
विहीर आम्ही कर्ज काढून खोदली आणि पाणी असूनही पावसाची वाट पाहायची, हा कोणता न्याय? माझे शेत नोव्हेंबरात मोकळे होऊन तेथे हरभरा पेरला जातो. आपल्याकडील पऱ्हाटी (कापसाची झाडे) फरदड म्हणून, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी वेचणीसाठी, फेब्रुवारीपर्यंत उभी असते. पुढच्या वर्षाची अळी कोण सांभाळून ठेवते, हे एकदा स्वतःला विचारावे. दोष देण्याआधी आपला बांध पाहावा.

कोरडवाहू, पारोळा:
फरदड हौसेने ठेवत नाही, देणी असतात म्हणून ठेवतो. हे आपल्याला ठाऊक असूनही आपण असे लिहिता, याचा राग येतो.

गिरणाकाठ, पाचोरा:
आपल्या दोघांच्या या वादातच तारखेच्या फवारणीचे उत्तर आहे. ठिबकवरचे झाड साठाव्या दिवशी फुलांनी भरलेले असते, तर पावसाने ताण दिलेले झाड त्याच दिवशी जेमतेम पात्यावर असते. मग दोघांना एकच औषध कसे लागू पडेल? माझे क्षेत्र तीन एकर आहे, हेही सांगतो.

शेतकरीण, शहादा:
भाऊ, मजूर मिळत नाहीत म्हणता, पण निंदणीच्या बायका प्रत्येक झाडाजवळ वाकतातच. मी त्यांना डोमकळी दाखवून ठेवली आहे. पाकळ्या न उमलता गुलाबासारखे मिटलेले फूल दिसले की त्या ते खुडून ओटीत टाकतात आणि संध्याकाळी आम्ही ती फुले मोजून आतल्या अळीसह जाळतो. तुडतुडे म्हणजे पानातील रस शोषणारी कीड, त्यांच्यासाठी वरचे, मधले आणि खालचे पान उलटायचे, पानामागे दोन-तीन पिल्ले दिसेपर्यंत थांबायचे. गेल्या वर्षी माझ्या दोन फवारण्या वाचल्या आणि किडी खाणारे ढालकिडे शेतात टिकले.

बागायतदार, चोपडा:
ताईंचे म्हणणे ऐकून आज वीस बोंडे चिरली. एक किडके निघाले. उद्या ९० वा दिवस आहे, औषध आणून ठेवले आहे, तरी चार दिवस थांबतो. मे महिन्यातील लागवडीबाबत मात्र माझे मत बदललेले नाही.

कोरडवाहू, पारोळा:
चार दिवसांनी किती निघाली, ते येथे लिहा. यंदा डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटण्याचा प्रयत्न करीन, पण शब्द देत नाही.