एअर पिस्तुलासाठी छर्रे: ४.४९ घ्यावेत की ४.५०?

खरादवाला (सांवेर रोड, इंदूर)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांपासून १० मीटर एअर पिस्तूल खेळते. मागच्या स्पर्धेत ६० शॉटमध्ये ६०० पैकी ५४१ गुण झाले. आठवड्याचे पाच दिवस, रोज साधारण ८० छर्रे. म्हणजे ५०० ची डबी जेमतेम सव्वा आठवडा पुरते.

आतापर्यंत रेंजवर मिळेल ती डबी घेत होतो. आता तिच्यासोबतची मुलं म्हणतात की छर्र्याच्या डोक्याचा, म्हणजे पुढच्या भागाच्या जाडीचा, माप बघून घ्यायला हवा. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. माझं खरादाचं (लेथचं) लहानसं वर्कशॉप आहे, दिवसभर शतांश मिलिमीटरमध्येच काम चालतं. म्हणून ४.५० च्या डबीतले वीस छर्रे मायक्रोमीटरने मोजले. ४.४९ पासून ४.५२ पर्यंत सगळं निघालं. छापलेल्या आकड्यावर मग विश्वास ठेवायचा कसा?

जर्मन डबी साध्या डबीच्या दुपटीहून महाग पडते. पोरीसाठी पैसे खर्च करायला मी मागे हटणार नाही, पण ते योग्य जागी जावेत. ज्यांनी स्वतः पारखून घेतले आहेत त्यांनी सांगावं.

सुदामानगरकर

आमच्या मुलाच्या कोचने पहिल्याच दिवशी सांगितलं, ४.५० घ्या आणि हा विषय सोडा. तेव्हापासून तेच घेतोय. एक मात्र बघा, डबीवर पिस्तुलाचं वजन हवं. पिस्तुलाचे छर्रे ०.४५ ग्रॅमच्या आसपास असतात, रायफलचे ०.५३. एकदा चुकून रायफलची डबी घरी आली होती.

महूचा निवृत्त आर्मरर

खरादवाले दादा, तुमचं मोजमाप चुकलं नाही, हत्यार चुकलं. शिसं मऊ असतं. मायक्रोमीटरच्या जबड्यात धरलात की छर्रा दबतो. शिवाय तो किंचित लंबगोल असला तर फिरवाल तसा आकडा बदलणार. माप नळीला घेऊ द्या.

आधी मूळ गोष्ट सांगतो. .३२ च्या सेंटर फायर, म्हणजे दारूच्या काडतुसाच्या, पिस्तुलात बार उडाला की काडतुसाची पितळी पुंगळी फुगून चेंबरला चिकटते आणि मागचा गॅस अडवते. म्हणून तिथे पितळ कुठलं, एकाच कंपनीच्या शिक्क्याचं आहे की मिसळीचं, याला महत्त्व. एअर पिस्तुलात पुंगळीच नाही. ते काम छर्र्याचा मागचा पोकळ घेर करतो, ज्याला आपण स्कर्ट म्हणतो. हवेच्या दाबाने तो पसरतो, नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) बसतो. डोकं छर्र्याला नळीच्या मधोमध धरतं. तेव्हा डोक्याचा माप हवाच, पण स्कर्ट चेपलेला असेल तर ४.५० असो की ४.४९, तो छर्रा गेला. कुरियरने आपटत आलेल्या डबीत असे बरेच निघतात. काचेवर छर्रा लोटून बघा, डुलत गेला की बाजूला काढा.

आता पारख. ग्रिप (मूठ) काढून पिस्तूल वाइसमध्ये (शिकंज्यात) बांधा. जबड्यांना सागवानाचे तुकडे आणि चामडं लावा. पकड फ्रेमवर हवी, नळीवर किंवा हवेच्या सिलिंडरवर नको. हे जबडे तुमच्याइतके चांगले कोण बनवणार! रेंजवर, कोच समोर असताना, १० मीटरवर जाड कार्ड लावा. डबी बदलली की पहिले दहा छर्रे मोजू नका, नळी त्या शिशाला सरावते. मग पाच-पाच छर्र्यांचे किमान पाच ग्रुप, म्हणजे एकाच नेमावरचे भोकांचे पुंजके, मारा. एका ग्रुपवरून कधीच ठरवू नका, एखादा सुंदर ग्रुप कुठल्याही डबीतून पडतो. भोकांच्या बाहेरच्या कडांपासून माप घ्या, त्यातून ४.५ वजा करा.

आणि हे नीट वाचा. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. रेषेला कड टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. चांगला छर्रा वाइसमधून दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे जाईल, साधा तीन. ५४१ मारणाऱ्या मुलीचे नऊ आणि आठ छर्र्यामुळे जात नाहीत, ट्रिगरवर जातात.

मग महाग डबी कशाला? माझं मत असं. शॉट सुटताक्षणी मुलीने मनात म्हणायला हवं, "हा उजवीकडे नऊ." मग गुण दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघायचं. आम्ही याला कॉल म्हणतो. अधूनमधून भरकटणारा छर्रा तिचा कॉल खोटा पाडतो. हात बरोबर असताना ती हात दुरुस्त करू लागते आणि महिनाभराची मेहनत उलटी जाते. मला भीती याची वाटते, दोन पॉइंटची नाही. म्हणून सर्वांत महाग नको, एकसारखा हवा. जी डबी नळीला मानवेल तिच्यावरचा बॅच नंबर लिहून घ्या आणि त्याच बॅचच्या जमतील तितक्या डब्या एकदम उचला. तोच माप, तीच कंपनी, पण बॅच वेगळा असला की पुन्हा पारखायचं.

लोकमान्यनगरची आई

सगळे माप बोलतायत, शिशाचं कुणी बोलत नाही. रेंजवरून आल्यावर आधी साबणाने हात, मगच पोह्यांची बशी. छर्रे खिशात सुटे ठेवू देऊ नका, ओठांत तर मुळीच नको. आमच्याकडे मोठ्या मुलांचं बघून बारकी तसं करत होती. आणि पावसाळ्यात डबी कोरड्या जागी ठेवा, ओल लागली की छर्र्यांवर पांढरी भुकटी येते. असे छर्रे नळीत घालू नका, ती भुकटी फुंकूही नका.

खरादवाला (सांवेर रोड, इंदूर)

सगळ्यांचे आभार. आर्मरर साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं. जबडे सागवानाचेच केले, आतून जुन्या पट्ट्याचं चामडं. रविवारी कोचची परवानगी घेऊन तीन डब्या मारल्या, प्रत्येकी पाच ग्रुप. बाहेरून बाहेर सरासरी (४.५ वजा न करता) अशी आली: जर्मन ४.५० ची ६.२ मिलिमीटर, जर्मन ४.४९ ची ६.६, साध्या डबीची ९.८. पहिल्या दोघांतला फरक इतक्या ग्रुपांवरून मी खरा धरत नाही. साध्या डबीच्या पंचवीसमध्ये दोन छर्रे मात्र साफ बाहेर गेले. त्याच डबीतले शंभर नंतर काचेवर लोटले, अकरा डुलले.

मुलगी शेजारी बसून वही लिहीत होती. ते दोन भरकटलेले बघून म्हणाली, "बाबा, असे मला रोज येतात. मला वाटायचं माझं मनगट वळतं." गेले तीन महिने ती त्या मनगटासाठी घरी पाण्याची बाटली धरून उभी राहायची. मला फार लागलं ते.

४.५० च्या त्याच बॅचच्या सहा डब्या सांगून ठेवल्या आहेत. साध्या डबीतले काचेवर सरळ गेलेले छर्रे फक्त पांढऱ्या कोऱ्या कार्डावर मारायला वापरू, तिथे ती ट्रिगरच बघते, गुण मोजत नाही. एक विचारायचं राहिलं. नळी साफ करायला तिच्यातून फेल्टचे बोळे किती छर्र्यांनंतर काढावेत? आमच्याकडे महिन्यातून एकदा निघतात.

महूचा निवृत्त आर्मरर

तुमच्या हिशोबाने एक डबी संपली की काढा. मागून, म्हणजे छर्रा भरतो तिकडून घालायचे. पहिला काळा येईल, तिसरा-चौथा करडा आला की थांबा. नंतरचे पाच-सात शॉट मोजू नका. आणि पोरीला सांगा, मनगटाची मेहनत वाया गेलेली नाही, उभं राहण्याची ताकद त्यातूनच येते.